फॉर्मसाठी फोटोची साइज ऑनलाइन कमी केली की चेहरा ताणला जातो, नाहीतर फॉर्म तो घेतच नाही. नीट कसं करायचं?

अमळनेरला माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. बँकभरतीचे फॉर्म सुटले की दिवसभर एकच ऐकतो, "भाऊ, हाऊ फोटो बारीक करी दे." पण बारीक म्हणजे काय? पिक्सेल म्हणजे फोटोतले ठिपके कमी करायचे, केबी म्हणजे फाइलचं वजन कमी करायचं, की कागदावरचे सेंटिमीटर? तिन्हींना आपण 'साइज'च म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

बँकभरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसचा फॉर्म घ्या. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. पासपोर्टचा ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर हा मात्र छपाईचा हिशोब, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, तो ४१३ बाय ५३१ पिक्सेल भरतो.

चेहरा ताणला जातो कारण तुम्ही न कापता थेट आकडे टाकता. मोबाइलचा आडवा फोटो ४००० बाय ३००० चा असतो. तो २०० बाय २३० मध्ये कोंबला की चेहरा भरताच्या वांग्यासारखा लांबुळका होतो. उभा कोंबला की गाल फुगतात. म्हणून आधी गॅलरीतच डोकं-खांदे येतील असा, रुंदीपेक्षा उंची थोडी जास्त ठेवून क्रॉप करा, मग साइटवर पिक्सेल टाका. उरलेला एक-दोन टक्क्यांचा फरक कोणाला दिसत नाही. सहीचंही तसंच. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करा, उजेडात फोटो काढा आणि भोवतीचा कोरा कागद उडवा. अख्ख्या पानाचा फोटो १४० बाय ६० केला तर सहीची मुंगी होते.

केबी सगळ्यात शेवटी. इथे एक गंमत आहे. २०० बाय २३० केल्यावर फाइल बऱ्याचदा १०-१२ केबीवरच येते आणि फॉर्म "२० पेक्षा कमी" म्हणून नाकारतो. पोरं आणखी बारीक करत बसतात! उलट क्वालिटीची पट्टी ९५ च्या पुढे न्या, केबी वाढतात. आणि दर वेळी मूळ फोटोवरूनच सुरुवात करा. जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, सेव्ह करताना थोडा तपशील जातो, तो परत येत नाही.

साइट कुठली? मी स्क्वूश वापरतो. गूगलच्या क्रोम टीमचं आहे, फुकट आहे आणि फोटो तुमच्याच ब्राउझरमध्ये बारीक होतो, कुठे अपलोड होत नाही. आधार कार्ड, मार्कशीट वाटेल त्या साइटवर चढवणाऱ्यांना मी रोज टोकतो.

बारीक केलेला फोटो वेगळ्या नावाने ठेवा, मूळ पुसू नका. मागे एक जण वडिलांच्या उत्तरकार्याच्या फ्लेक्ससाठी आला. जवळ फोटो काय, तर कुठल्याशा फॉर्मचा २०० बाय २३० चा तुकडा. फ्लेक्सवर तो फोटो तीन फूट उंच हवा होता. म्हणजे एकेक पिक्सेल चार मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. फ्लेक्स लांबून बघतात, त्यामुळे ७२ डीपीआयही चालतो, पण इथे इंचाला जेमतेम सहा पिक्सेल पडत होते. एआयने मोठा करून पाहिला. चेहरा चकचकीत झाला, डोळेही छान आले. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हाऊ मना बाप नही."

शेवटी भाच्याच्या मोबाइलमध्ये हळदीतला एक फोटो निघाला. फेटा थोडा वाकडा होता. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव असं त्याला सांगितलं, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. तोच छापला.