आधी ती वही बंद करा

प्रश्न: माझी मुलगी १६ वर्षांची आहे, नवव्या वर्षापासून फ्रेंच हॉर्न हे पितळी फुंकवाद्य वाजवते. मोठ्या ऑर्केस्ट्रात फर्स्ट हॉर्न व्हायचं हे आमचं ठरलंय. रोज पाच तास प्रॅक्टिस असते, मी स्वतः शेजारी बसतो आणि किती सूर फुटले ते वहीत लिहून ठेवतो. तरी गेल्या काही महिन्यांत चुका वाढल्यात. आता तिचे सर म्हणतात, ही लो हॉर्न (खालच्या सुरांचं वादन) फार छान वाजवते, सेकंड हॉर्नच्या दिशेने तयारी करू. एवढी मेहनत दुसऱ्या नंबरसाठी करायची का? पुढे कुठला कोर्स घ्यावा? आणि महागडा हॉर्न आत्ताच घेऊन द्यावा का? – एक पालक

उत्तर: नमस्कार. कोर्सचं नंतर बोलू, आधी ती वही. पत्र वाचताना मी तिथेच अडकले. मुलगी वाजवतेय, शेजारी वडील पेन घेऊन बसलेत आणि सूर फुटला रे फुटला की कागदावर रेघ. अहो, तिला त्या पेनाचा आवाज ऐकू येतो. पुढचा सूर लावताना तिचं अर्धं लक्ष पेनाकडे असणार, आणि वर तुम्ही मलाच विचारताय चुका का वाढल्या?

हॉर्न मुळात नाठाळ वाद्य आहे. त्यातली एफ बाजूची (दोनपैकी लांब) नळी उलगडली तर साधारण १२ फूट भरते आणि तिच्यातले नैसर्गिक सूर वर जाल तसे एकमेकांना खेटत जातात, म्हणजे शिडी चढत जावं आणि वरच्या पायऱ्या इतक्या जवळजवळ याव्यात की पाय नेमका कुठे पडला तेच कळू नये. बोटं तीच, व्हॉल्व्ह तेच, पण ओठ आणि हवेत जराशी गफलत झाली की शेजारचा सूर लागतो नाहीतर मधेच फुटतो. म्हणून सूर आधी डोक्यात ऐकायचा आणि मग हवा बिनधास्त सोडायची असं असतं. घाबरलेलं माणूस हवा रोखतं, ओठ आवळतं, सूर फुटतो, तुम्ही रेघ मारता, ती आणखी घाबरते, आणि हे रोज पाच तास चालतं. नावाजलेले हॉर्नवालेही भर कॉन्सर्टमध्ये सूर फोडतात आणि पुढच्या सुरांना काही झालंच नाही अशा थाटात वाजवतात. खरं शिकायचं ते हे, आणि तुमची वही नेमकं याच्या उलटं शिकवतेय.

पाच तासांचंही तेच. ओठ म्हणजे स्नायू आहेत, प्रोफेशनल लोकसुद्धा तुकड्यातुकड्यात वाजवतात, मधे हॉर्न खाली ठेवतात. दमलेल्या ओठांनी वाजवत राहिलं की मुलं माउथपीस तोंडावर दाबून वरचे सूर काढायला लागतात आणि ही सवय एकदा लागली की सोडवताना नाकी नऊ येतात. ओठ दुखतात का, बधिर होतात का, हे तिला विचारलंय कधी? होत असेल तर प्रॅक्टिस थांबवा, सरांशी बोला, लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

आता तुमचा ‘दुसरा नंबर’. इथे तुमचा पार गैरसमज झालाय. सिंफनी ऑर्केस्ट्रात सहसा चार हॉर्न असतात, पहिला आणि तिसरा वरच्या पट्टीतले, म्हणजे हाय हॉर्न, दुसरा आणि चौथा खालच्या, म्हणजे लो हॉर्न. फर्स्ट हॉर्न सेक्शनचा प्रमुख असतो, मोठे सोलो त्याच्याकडे जातात, पगारही सहसा जास्त असतो, हे सगळं कबूल. पण सेकंड म्हणजे फर्स्टला नापास झालेला माणूस नव्हे, ते वेगळं कसब आहे आणि त्याची वेगळी ऑडिशन होते. खालचे सूर भरदार आणि स्वच्छ काढायचे, वरून झपकन खाली उडी मारायची, फर्स्टच्या खाली सूर असा धरायचा की फर्स्टला त्या सुरावर निवांत टेकता यावं, हे सगळ्या हाय हॉर्नवाल्यांना जमत नाही. बीथोवनच्या नवव्या सिंफनीत तिसऱ्या मूव्हमेंटचा तो प्रसिद्ध हॉर्न सोलो चौथ्या हॉर्नसाठी लिहिलाय, पहिल्यासाठी नाही. आणि सारा विलिस २००१ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात गेली, तिथल्या ब्रास म्हणजे पितळी वाद्यांच्या सेक्शनमधली पहिली बाई, ती लो हॉर्नच वाजवते. तुमच्या सरांनी मुलीला खालच्या पायरीवर नाही बसवलं, तिचं बलस्थान ओळखलंय. असे सर मिळाले तर त्यांचं ऐकावं, मोडता घालू नये.

कोर्सचं सांगायचं तर ग्रेड परीक्षा, यूथ ऑर्केस्ट्रा, मग ऑडिशन देऊन कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीताचं कॉलेज, हा नेहमीचा रस्ता, तो सर दाखवतीलच. पण डिग्रीवर नोकरी मिळत नाही एवढं लक्षात ठेवा. नोकरीच्या ऑडिशनला बऱ्याच ठिकाणी पडदा लावलेला असतो, बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून कुठे कुठे गालिचासुद्धा टाकतात. पलीकडे बसलेल्या परीक्षकांना ऐकू येतं ते फक्त मोझार्टच्या कॉन्चेर्टोचं एक्स्पोझिशन (सुरुवातीचा भाग) आणि ऑर्केस्ट्रातले काही तुकडे, लो हॉर्न असेल तर त्यात शोस्ताकोविचच्या पाचव्या सिंफनीतला तो खोल उतरणारा भागही येऊ शकतो.

आणि जागा कमी असतात, फार कमी. व्हायोलिनवाले मोठ्या ऑर्केस्ट्रात तीसच्या आसपास, हॉर्न चार-पाच, आणि एकदा पक्की झालेली माणसं वर्षानुवर्षं हलत नाहीत. त्यामुळे चांगले वाजवणारेही बराच काळ बदली म्हणून वाजवतात, फिल्म रेकॉर्डिंग, म्युझिकल्स, विंड क्विंटेट (पाच फुंकवाद्यांचा गट) आणि शिकवणं असं जोडजोड करून जगतात. हे ऐकूनही तिला हेच करायचं असेल तर जरूर करू द्या. पण हे तिने ठरवायचं, आणि तिला काय वाजवायला आवडतं याबद्दल तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एक ओळ नाही.

महागडा हॉर्न आत्ता नको. कॉन्झर्व्हेटरीत गेल्यावर तिथले शिक्षक बहुतेक वेळा स्वतःची मतं सांगतात, आणि लो हॉर्नला जाणार असेल तर खालचे सूर कसे बोलतात ते बघूनच घ्यावा लागेल. तोवर आहे तो डबल (दोन नळ्यांचा) हॉर्न साफ करून घ्या, व्हॉल्व्ह दाखवून आणा. पुढे घ्यायची वेळ येईल तेव्हा ती आणि सर जातील, चार-पाच वाजवून बघतील. तुम्ही बाहेर थांबा, वही घरी ठेवून.