भाड्याच्या घरातलं छोटं स्वयंपाकघर ट्रॉल्या न बसवता नीटनेटकं आणि देखणं कसं लावावं?

तुम्ही लिहिलंय की घर वन बीएचके, भाड्याचं. ओट्याखाली कडप्प्याचे चार कप्पे, भिंतीला खिळा मारायचा नाही ही मालकांची अट, आणि सेलमध्ये 24 पारदर्शक डब्यांचा एकसारखा संच दिसतोय, तो घेऊन टाकू का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नका घेऊ. निदान महिनाभर तरी थांबा.

नवऱ्याची नोकरी बदलीची, त्यामुळे सांगली, नाशिक, रत्नागिरी आणि आता डोंबिवली अशी चार स्वयंपाकघरं मी लावली. त्यातल्या रत्नागिरीच्या घरात नेमका असाच संच घेतला होता. चौकोनी, एकावर एक बसणारे, चारही बाजूंनी खटाखट लागणारी झाकणं. सगळी पाकिटं फोडून डबे भरले, पाकिटं केराच्या बादलीत, फोटो बहिणीला. आठ दिवस मी येता-जाता कप्पा उघडून नुसती बघत होते. मग एके सकाळी पाहुणे आले. शिरा करायला घेतला, रवा तुपावर चांगला दहा मिनिटं परतला, दूध घातलं, आणि तेव्हा कळलं की हा इडली रवा. डबा पारदर्शक होता, आतलं सगळं दिसत होतं, पण दोन्ही रवे पांढरे, दोन्ही डबे जुळे आणि मी घाईत. "वेगळा लागतोय, तांदळाचा का?" असं म्हणून पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, हा त्यांचा चांगुलपणा.

खरा फटका पुढे पावसाळ्यात बसला. बेसन दोन बोटं उरलं की मी वरून नवीन पाकीट ओतायची. असं दर महिन्याला. म्हणजे तळातलं बेसन मार्चपासून तिथेच. जुलैत झाकण उघडलं तर कडेने जाळी धरलेली, शेजारच्या रव्यात अळ्या. पाकिटं टाकून दिलेली असल्याने कुठलं कधीचं हेही सांगता येईना. तेव्हापासून डबा बघण्याआधी मी सामान घरात कसं येतं आणि कसं संपतं ते बघते.

म्हणून पहिला महिना असा काढा. एका रविवारी जुनी चादर अंथरा आणि कप्प्यांतलं सगळं बाहेर काढून सारखं सारखं शेजारी मांडा. मोहरीची तीन फोडलेली पाकिटं निघतील. निघतातच, प्रत्येक घरात निघतात. मग सगळ्या पाकिटांच्या तोंडाला कपड्यांचे चिमटे लावा, ती एखाद्या टबात उभी करा आणि नेहमीसारखा स्वयंपाक करत राहा. कशाला दिवसातून तीनदा हात जातो, कशाला आठवड्यातून एकदा, वाण्याकडून काय किती येतं, हे महिन्याभरात आपोआप कळतं. आमच्याकडे महिन्याला पोहे दीड किलो लागतात आणि मैदा जवळजवळ नाहीच. संचात मात्र दोघांना एकाच मापाचा डबा.

मापाचंच सांगते, कारण इथे सगळ्यांचे पैसे वाया जातात. डबे लिटरवर असतात आणि सामान किलोवर. तांदूळ, डाळ, साखर किलोभर असेल तर साधारण सव्वा लिटर जागा लागते. किलोभर कणकेला जवळजवळ 2 लिटर. पोह्यांना अर्ध्या किलोलाच 2 लिटर द्यावे लागतात, पातळ पोहे असतील तर त्याहूनही जास्त. "पाच किलोचा डबा" म्हणून आणलेल्या डब्यात पाच किलो कणीक मावली नाही असं तुमचं झालं असेल, तर कारण हेच. वर थोडी जागा राहील असाच डबा घ्या, म्हणजे उरलेलं अर्धं पाकीट चिमटा लावून पुन्हा कुठेतरी खुपसावं लागत नाही.

आणि भरताना जुनं खाली राहू देऊ नका. उरलेलं ताटात काढायचं, डबा कोरड्या फडक्याने पुसायचा, नवीन तळाला, जुनं वर. धुतलेला डबा असेल तर उन्हात चांगला तापू द्या. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा मी डबा धुतच नाही, नुसता पुसते. पाकिटावरचा तारखेचा तुकडा कापून डब्याच्या बुडाला चिकटपट्टीने लावते. दिसायला काही विशेष नाही, पण बुडाकडे बघतंय कोण.

आता कडप्पा. कप्पे साधारण दोन फूट खोल, आतून काळे, आणि मागच्या अर्ध्या भागात काय आहे ते देवालाच ठाऊक. ट्रॉल्या बसवता येत नसतील तर कप्प्याच्या खोलीएवढे लांब, उथळ, पुढे धरायला जागा असलेले प्लास्टिकचे ट्रे आणा. एका ट्रेमध्ये डाळी, एकात न्याहारीचं म्हणजे पोहे, रवा, शेवया, साबुदाणा, एकात उपासाचं. ट्रे ओढला की मागचा डबाही पुढे येतो. झाली तुमची ट्रॉली. आतल्या भिंतींना पांढरा ऑइलपेंट मारला तर कप्पा एकदम दुप्पट मोठा वाटतो आणि झुरळ लपलं तरी दिसतं. खाली वर्तमानपत्र मात्र घालू नका. आमच्या आईच्या काळापासून घालतात, पण झुरळांना कागदाखालची जागा फार आवडते. त्यापेक्षा पुसता येणारी चटई कापून घाला.

काय कुठे ठेवायचं यासाठी मी एकच चाचणी करते, चहाची. चहा करायला घ्या आणि भांडं, चहा, साखर, आलं, गाळणं, कप यासाठी किती दारं उघडता, किती पावलं चालता ते मोजा. नाशिकच्या घरात माझी अकरा पावलं होत होती, साडेसहाच्या झोपेत. गाळणं सिंकवर, साखर फ्रीजशेजारी. सगळं एका ट्रेवर आणलं, तीन पावलांत काम. फोडणीचंही तसंच. मिसळणाचा डबा, तेलाचं भांडं, मीठ आणि गूळ हे गॅसच्या उजव्या हाताला, हात लांबवला की मिळेल असं. तेल तापल्यावर मोहरी शोधायला वेळ नसतो.

पण गॅसच्या अगदी वर किंवा चिकटून मसाले ठेवू नका. उष्णता आणि वाफ लागून तिखटाचा रंग उतरतो, गोड्या मसाल्याचा वास जातो, हळदीचे खडे होतात. मिसळणाच्या डब्यात आठवड्याचंच काढायचं. बाकीचं तिखट आणि कांदा-लसूण मसाला काचेच्या बरणीत दाबून भरून, वर हिंगाचा खडा ठेवून, अंधाऱ्या कप्प्यात. सांगलीला शेजारच्या काकूंनी हे शिकवलं. त्या वर्षाचं तिखट एकदम करायच्या आणि त्यांच्या घरचं पुढच्या एप्रिलमधलं तिखटही लालभडक असायचं. मीठ स्टीलच्या डब्यात ठेवू नका, स्टीललासुद्धा बारीक खड्डे पडतात. मिठाला चिनीमातीची बरणी. लोणच्यालाही तीच.

कमरेपासून डोळ्यांपर्यंतची जागा रोजच्या वस्तूंची. जड ते खाली, म्हणजे तेलाचा मोठा डबा, कणीक, कुकर. माळ्यावर सणावाराचं. सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र, शंकरपाळ्यांचं कातणं. ही चार नावं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. नाहीतर दिवाळीत सोऱ्या सापडत नाही, नवीन आणला जातो, आणि जुना होळीला सापडतो. माझ्याकडे म्हणून दोन सोरे आहेत.

कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, बटाट्याला लवकर कोंब येतात. दोन्हीला हवा पाहिजे, आणि बटाट्याला अंधारही, नाहीतर तो हिरवा पडतो. सिलिंडरच्या कप्प्यात पिशव्या, रद्दी कोंबू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो, त्यामुळे त्या कप्प्याला तळाशी हवा खेळती हवी.

किडीबद्दल थोडं. महिना-दोन महिन्यांचं धान्य असेल तर बोरिक पावडरच्या नादी लागू नका, गरज नाही. तांदळात वाळलेला कडुनिंबाचा पाला, तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात, एवढं पुरतं. रवा आणि बेसन आणल्याबरोबर पाकिटासकट तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये टाका, मग बाहेर काढून गारवा पूर्ण गेल्यावरच डब्यात भरा. गार असताना फोडलं तर आत पाणी धरतं. रवा भाजून ठेवला तर आणखी बरं.

आता देखणेपणाचं. तुम्ही डब्यांवर छापील लेबलं लावायची म्हणता. लावा. माझी तक्रार लेबलांवर नाही, सगळे डबे जुळे असण्यावर आहे. माझ्या घरात अर्ध्या डब्यांना लेबल लागतच नाही, कारण ते लग्नातले नावं घातलेले डबे आहेत. पूर्वी भांड्याच्या दुकानात ते टकटक करणारं यंत्र असायचं ना, त्याने ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावं. मोठ्या मावशीच्या डब्यावर "सौ. मावशीकडून सप्रेम, 19-5-96" असं आहे आणि "सप्रेम" मधला "म" जागा न पुरल्याने वाकडा होऊन खाली उतरलाय. त्यात साबुदाणा. आत्याच्या डब्याचं झाकण जरा घट्ट, त्यात शेंगदाणे, म्हणजे येता-जाता कोणी मूठ भरत नाही. मुलगा बारावीत होता तेव्हा मी माहेरी गेले, तर फोनवर "रवा कुठाय?" याचं उत्तर "मामाच्या डब्यात" एवढंच. तुमच्या घरचे असे जुने डबे आईकडे, सासूबाईंकडे माळ्यावर पडले असतील. मागून आणा. चिंचेने किंवा भांड्याच्या पावडरीने घासले की स्टील पुन्हा उजळतं, आणि पितळी असतील तर मग विचारूच नका. पितळेच्या डब्यात आंबट आणि मीठ मात्र नको.

उघडी मांडायची जागा एकच ठेवा, एक फळी. तिथे काचेच्या सारख्या बरण्या, आठ-दहा पुरेत, आणि त्यात रंगाची कडधान्यं. मसूर, हिरवे मूग, राजमा, चवळी, काळे वाटाणे. हे स्वस्तात होणारं सगळ्यात सुंदर काम आहे. कॉफीच्या, जॅमच्या बाटल्या जमवल्या तरी चालतं, फक्त झाकणं एका रंगाची करून घ्या. नजर झाकणांवरच जाते. फळीवर थेट ऊन येत असेल तर मात्र मुगाचा हिरवा रंग दोन महिन्यांत फिका होतो.

खिळा मारायचा नाही म्हणताय, तर जमिनीवर उभी राहणारी स्टीलची मांडणी बघा. हल्ली लोक ती जुनाट म्हणून भंगारात देतात आणि मग "ओपन शेल्फ" म्हणून चौपट पैसे घालून लाकडाची करून घेतात. ताटं उभी, वाट्या पालथ्या, कपांना हूक, डाव-झारे लटकलेले, पाणी आपोआप निथळतं. भांडी चकचकीत असतील तर तिच्याइतकं देखणं काही नाही. नसतील तर ती तुमची अब्रू काढते, हेही खरं.

कप्प्यांना दारं नसतील तर पडदा लावा. दोन भिंतींत ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, खिळा लागत नाही. खणाचा पडदा फोटोत फार सुरेख दिसतो, मीही हौसेने शिवला होता. महिन्याभरात फोडणीच्या वाफेने चिकट झाला आणि धुतल्यावर रंग सोडून शेजारचा टॉवेल गुलाबी केला. आता साधं चौकड्याचं सुती कापड, दोन जोड, दर पंधरा दिवसांनी मशीनमध्ये. गॅसखालच्या कप्प्याला पडदा नाही.

खर्च विचारलात. डोंबिवलीला आल्यावर मी नऊ ट्रे, दहा बरण्या, पेंटचा छोटा डबा, रॉड आणि कापड घेतलं, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. पेंट मारण्याआधी मात्र घरमालकांना विचारा. आमच्या मालकीणबाई आधी "कडप्प्याला कोणी रंग देतं का?" म्हणून फोनवर चांगल्याच तडकल्या होत्या. गणपतीत हळदीकुंकवाला आल्या, चारही पडदे बाजूला सारून बघितले, आणि दुसऱ्या दिवशी पेंटचं नाव विचारायला पुन्हा फोन केला.