आदोळी माळ्यावरून खाली काढा

प्रश्न : ताई, मी डिचोली तालुक्यातील एका मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वय ६३. मुलाने मनगटावर बांधायचे घड्याळ दिले तेव्हापासून रोज दहा हजार पावले चालण्याचा नेम धरला आहे. पूर्वी मये तलावापर्यंत चालत जाऊन आले तरी काही वाटत नसे. आता एक दिवस देवळाची टेकडी चढले की पुढचे चार दिवस मांड्या ठणकतात. यजमान म्हणतात, वय झाले, चालणे पुरे. मुलगा म्हणतो, सोडलेस तर आणखी आखडशील. सून मात्र फार गुणी. मला खाली बसावे लागू नये म्हणून तिने देवघरात खुर्ची ठेवली, आदोळीही (जमिनीवर बसून नारळ खवायची पाटाची विळी) माळ्यावर टाकली, आता सगळे ओट्यावरच होते. गणेशचवथ तीन महिन्यांवर आली आहे. यजमानांचे ऐकू की मुलाचे?
– एक वाचक, डिचोली

बाई (शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिकेला दुसरे काय म्हणणार?),

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा अडखळले ते आदोळीपाशी. तुम्ही तिला अर्धे वाक्य दिले आहे, तेही सुनेचे कौतुक करताना. यजमान आणि मुलगा यांचा वाद चालण्यावरून आहे. तुमचे जे खरोखर गेले, ते माळ्यावर धूळ खात पडले आहे आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नाही.

आदोळीवर बसणे म्हणजे काय, ते जरा आठवा. एक पाय दुमडून घ्यायचा, अंगाचा भार पाटावर देऊन ती जागच्या जागी दाबून धरायची, कमरेतून किंचित पुढे झुकून नारळाची वाटी दोन्ही हातांनी दात्यांवर फिरवत राहायचे, आणि चवाने, म्हणजे खवलेल्या खोबऱ्याने, भरलेले ताट हातात घेऊन, म्हणजे हात कुठेही न टेकता, उठायचे. हे तुम्ही चाळीस वर्षे केलेत. त्याला व्यायाम म्हणावे असे कधी वाटले नाही, म्हणून तो सुटल्याचेही कळले नाही. ब्राझीलमधील डॉक्टर क्लाउडिओ जिल आराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितले, हात किंवा गुडघा टेकला की एक गुण कापला, आणि पुढची काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष मांडला तो असा की ज्यांचे गुण कमी होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचे प्रमाणही बरेच जास्त होते. उठबस केल्याने आयुष्य वाढते असे त्यातून सिद्ध होत नाही. पण मांड्यांतला जोर, सांध्यांचा लवचीकपणा आणि तोल ही तिन्ही त्या एका हालचालीत दिसतात, एवढे नक्की.

आता तुमच्या ठणक्याविषयी. तुम्ही लिहिता, टेकडी चढल्यावर दुखते. माझ्या मते तुम्हाला भोवते ते उतरणे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो, त्याला बारीक इजा होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. ही झीज भरून काढण्याचे काम साठीनंतर मंदावते, आणि स्नायू मुळात कमी उरले असतील तर तोच उतार त्यांना अधिक जड जातो. सपाट रस्त्यावर कितीही पावले मोजलीत तरी मांड्यांना हा जोर मिळणार नाही. (दहा हजार हा आकडाही कुठल्या वैद्यकाच्या ग्रंथातून आलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे ते नाव होते.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये चालण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव तीन दिवस. तुमच्याकडे ही दोन्ही कामे आदोळी करत होती.

सूनबाईंचे कौतुक मी करणार नाही. त्यांच्या मनात माया आहे, पण ती तुम्हाला महिन्यागणिक पांगळे करते आहे, आणि तुम्ही ती कृतज्ञतेने स्वीकारता याचा मला अधिक राग येतो. मुलांना धडा येत नाही म्हणून तुम्ही कधी त्यांच्या वहीत उत्तर लिहून दिले होते का?

तेव्हा आदोळी खाली काढा. मात्र पहिल्याच दिवशी तिच्यावर बसू नका. आधी जेवणाच्या खुर्चीवरून, हात छातीशी बांधून, आठ-दहा वेळा उठा आणि तितक्याच सावकाश बसा; हे एक दिवसाआड करा, कारण मधला रिकामा दिवस हाच आता तुमच्या तालमीचा भाग आहे. दोन-तीन आठवड्यांनी ते सोपे वाटू लागले की बुटक्या स्टुलावरून उठा आणि मग पलंगाचा आधार हाताशी ठेवून जमिनीपर्यंत जा. गुडघ्यावर सूज असेल, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नका. टेकडी या काळात आठवड्यातून एकदाच चढा. घड्याळाचे समाधान होत नसेल तर ते काढून ठेवा. आणि सकाळी नुसत्या चहा-पावावर निघत असाल तर ते बंद करा. शिवराकाच्या, म्हणजे मासळी वर्ज्य असलेल्या, दिवशीही मुगागाठी, चवळीचे तोणाक (दाट रस्सा) किंवा वाटीभर दही प्रत्येक जेवणात असू द्या, कारण झीज भरायला सामान लागते आणि उतारवयात ते तरुणपणापेक्षा कमी नव्हे, थोडे जास्तच लागते.

चवथीच्या नेवऱ्यांचा (करंज्यांचा) चव यंदा तुम्ही पाडायचा, तोही खाली बसून. सगळा नव्हे, एका नारळाचा पुरे. पातोळ्यांचा सुनेला पाडू द्या, आणि तोही ओट्यावर नको. तिलाही एक दिवस साठी गाठायची आहे.

माळ्यावर मात्र तुम्ही चढू नका. वय झाल्याचा निर्णय ज्यांनी दिला, त्या यजमानांना चढू दे.