जुनीच पुस्तकं, गाणी, सिनेमे पुन्हा पुन्हा पाहण्यात काय मिळतं?

तुम्ही विचारलंय, नवीन एवढं काही समोर असताना पाहिलेलंच परत पाहण्यात वेळ कशाला घालवायचा? गेल्या रविवारी मला असा एक अख्खा दिवस मिळाला, तोच सांगते.

घरचे सगळे लग्नाला साताऱ्याला गेले होते. माझा पाय मुरगळलेला, म्हणून मी मागे राहिले. बाहेर पावसाची झड लागली होती. चहा घेतला आणि कपाटातून आईची 'स्मृतिचित्रे'ची प्रत काढली.

लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र मी कॉलेजात असताना वाचलं होतं, ते पोट धरून हसत. वडिलांचं ते सोवळ्याचं वेड, स्वतःच्या फजित्या, सगळं त्या इतक्या मोकळेपणाने सांगतात! या वेळीही हसले. पण १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरी लक्ष्मीबाईंना ते मागाहून कळलं, तिथे आले आणि पुढे वाचवेना. पदरात लहान मूल, भोवती सगळा गोतावळा, आणि नवरा आपल्या देवाच्या शोधात निघून गेलेला. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या मनाने, विचार करून. मधली वर्षं त्यांनी कशी काढली असतील, हे विसाव्या वर्षी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याच पानाच्या कडेला हळदीचं बोट उमटलेलं आहे. आई गॅसशेजारी पुस्तक उघडं ठेवून, भाजी परतता परतता वाचायची. डाग पुसट झालाय, तरी उजेडात धरला की बोटाच्या रेषा दिसतात. मी सगळं पुस्तक चाळलं, दुसरीकडे कुठेही असा डाग नाही. आई त्या पानावर बोट टेकवून किती वेळ उभी राहिली असेल, कोण जाणे. तिला विचारायचं राहून गेलं.

दुपारी वरणभात खाऊन यूट्यूबवर 'संत तुकाराम' लावला. प्रभातचा १९३६ सालचा चित्रपट, दामले-फत्तेलालांचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता. प्रभातचा तो स्टुडिओ म्हणजे आजची पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. लहानपणी दूरदर्शनवर लागला की आम्ही चमत्कारांची वाट बघायचो. विष्णुपंत पागनिसांचा चेहरा पाहून आजी तर टीव्हीलाच हात जोडायची. आवलीचं मात्र आम्हाला काही वाटायचं नाही. कजाग बाई, देवमाणसाला छळते, एवढंच.

आता पाहताना माझी नजर तिच्यावरून हलेना. गौरी या नटीने ती काय उभी केली आहे! घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि नवऱ्याचं सगळं लक्ष विठ्ठलाकडे. मूल आजारी पडतं तेव्हा ती पायताण घेऊन थेट देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला. लहानपणी मला ते पाप वाटलं होतं. आज वाटलं, देवाशी इतक्या हक्काने भांडणारी ही बाईसुद्धा भक्तच आहे. आणि हीच आवली नवऱ्यासाठी डोंगरावर भाकरी घेऊन जाते, त्याला जेवू घालते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा ती कुठे आहे? घरात, चुलीपाशी. मी ते दृश्य मागे नेऊन दोनदा पाहिलं.

संध्याकाळी गीतरामायणाच्या कॅसेट काढल्या. एकीची फीत गुंतली होती, ती पेन्सिलीने गुंडाळून घेतली. गदिमा आणि सुधीर फडक्यांचं हे काम १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत येत राहिलं. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून ५२ ऐवजी ५६ गीतं झाली. सगळी एका बैठकीत ऐकणं जमत नाही. मी पहिलं ऐकलं, लव-कुश रामासमोर गातात ते, आणि मग एकदम शेवटची दोन. ५५वं गीत सीतेचं आहे, वनात सोडून दिल्यावर ती लक्ष्मणाला विचारते, मी जाऊ कुठे? आणि ५६व्यात वाल्मीकी त्या मुलांना रामायण गायला पाठवतात. म्हणजे शेवटचं गीत घडतं ते पहिल्याच्या आधी! इतकी वर्षं ऐकून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता ते पहिलं गीत ऐकताना, दरबारात नसलेली सीता आधी आठवते.

लक्ष्मीबाई, आवली, सीता, तिघी एकाच दिवसात समोर आल्या. मी काही ठरवून निवड केली नव्हती, हाताला लागलं ते घेतलं. या तिघी पहिल्या वेळीही तिथेच होत्या, मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. नवीन सिनेमा मीही बघते, पण पहिल्यांदा बघताना पुढे काय होतं याचीच ओढ असते, बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे लक्ष जात नाही.

तुमच्या घरात आईचं किंवा आजीचं एखादं वाचून खिळखिळं झालेलं पुस्तक असेल तर आधी ते काढा. कसर लागली असेल तर मऊ फडक्याने हलकेच झटका, आणि पानांवरचे डाग तसेच राहू द्या.