संक्रांतीचा पाक : वाचकांचे प्रश्न

मार्गशीर्ष सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तीळ-गूळ दिसायला लागतो. यंदाची पत्रं वाचताना जाणवलं, की बहुतेकांचं सामान उत्तम आहे, हातही कामसू आहेत, फक्त पाकात पाणी किती उरलंय हे ओळखायला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देते.

शेंगदाण्याची चिक्की केली त्या दिवशी कुरकुरीत लागते, दुसऱ्या दिवशी दाताला चिकटते. प्रमाण चुकतंय का? (मंगळवार पेठ)

प्रमाण नाही, पाक कच्चा राहतोय. गूळ वितळून फसफसला की पाक झाला असं वाटतं आणि आपण दाणे ओततो. त्या वेळी पाकात अजून बरंच पाणी असतं. शेजारी वाटीभर गार पाणी ठेवा आणि दर मिनिटाला एक थेंब त्यात टाकून बघा. आधी तो पसरेल. मग बोटांनी गोळा करता येईल अशी मऊ गोळी होईल, ती लाडवाची वेळ. चिक्कीसाठी आणखी पुढे जायचं. थेंब पाण्यात पडताच कडक झाला पाहिजे, वाटीवर आपटला तर टणकन वाजला पाहिजे आणि मोडताना न वाकता कट्कन तुटला पाहिजे. तुकडा चावून बघा. दाताला जरा जरी धरला तरी अजून अर्धा मिनिट थांबा. आच मात्र मंदच हवी, कारण शेवटच्या टप्प्यात गूळ बघता बघता करपतो.

२५० ग्रॅम भाजून सोललेल्या दाण्यांना २०० ग्रॅम गूळ आणि चमचाभर तूप पुरतं. पाणी घालूच नका, फार तर एक चमचा. गॅस बंद करून चिमूटभर खायचा सोडा घाला. त्यातून वायू सुटतो, त्याचे बारीक बुडबुडे पाकात अडकतात आणि चिक्की दगडासारखी न होता खुसखुशीत होते. दाणे कोमट असू द्या. गार दाण्यांनी पाक एकदम आळतो आणि लाटायला सवड मिळत नाही.

पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे, त्यामुळे घरात गुळाचा अख्खा रवा, म्हणजे ढेप आहे. तरी दुकानदार म्हणतो चिक्कीचाच गूळ घ्या. खरंच गरज आहे का? (कळंबा)

लाडवांसाठी अजिबात नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. असा गूळ घरात असताना तिळाच्या मऊ लाडवांसाठी दुसरा कशाला आणायचा? चिक्कीसाठी मात्र दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. चिक्कीचा गूळ चिवट असतो आणि त्याचा पाक लवकर कडक होतो. उलट, तुटल्यावर पडून राहिलेल्या उसाचा गूळ असेल, तर त्यातली काही साखर मोडून हवेतलं पाणी ओढणारी झालेली असते. त्याची चिक्की पाक कितीही शिजवला तरी चिकट होते. तुमच्या रव्याचा लिंबाएवढा खडा पळीत वितळवा आणि वर सांगितलेली पाण्याची परीक्षा घ्या. थेंब कडक झाला तर बिनधास्त वापरा.

आणि रंगाला भुलू नका. पिवळाधमक गूळ बहुतेकदा हायड्रोस हे रसायन घालून उजळवलेला असतो. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला तपकिरी गूळ दिसायला साधा, पण चवीला कितीतरी खोल. मी तोच घेते.

सूनबाईची पहिली संक्रांत. दागिन्यांसाठी हलवा घरीच करायचा आहे, पण काटाच येत नाही. तीळ नुसते पांढरे, गुळगुळीत होतात. (कागल)

हे पत्र वाचून फार बरं वाटलं. हलवा घरी करणारी घरं आता मोजकीच राहिलीत. ही कला टिकावी असं मनापासून वाटतं, म्हणून सगळं लिहिते.

वाटीभर साखरेला अर्धी वाटी पाणी घ्या. उकळी आली की चमचाभर दूध घाला. मळी फुटून वर येईल, ती काढून पाक स्वच्छ फडक्यातून गाळा. पाक एकतारीच्या अलीकडे उतरवायचा. दाट झाला तर तिळाचे गठ्ठे होतात आणि पातळ राहिला तर आधीचा थरही विरघळतो. तुमचा काटा बहुधा इथेच जातोय.

पॉलिशचे तीळ परातीत किंवा जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर ठेवा. हात सहज फिरवता येईल इतकंच ते गरम हवं. अर्धा चमचा पाक सोडा आणि बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने, गोल गोल फिरवा. दाबू नका, रगडू नका. तीळ कोरडे होऊन सळसळ वाजायला लागले की मगच पुढचा अर्धा चमचा. साखरेचे कण आधीच्या उंचवट्यांवर बसत जातात आणि त्यातूनच काटा वाढतो. घाईने जास्त पाक ओतला की खळगे भरून निघतात आणि दाणा गुळगुळीत होतो. खाली साचणारी पिठी मधूनमधून चाळून काढा, नाहीतर तीच दाण्यांना चिकटून काटे बुजवते.

हे एका बैठकीत होत नाही. रोज तासभर, असं तीन-चार दिवस चालू द्या. रात्री वर पातळ कापड टाकून ठेवा. हवा कोरडी आणि थंड हवी. आभाळ आलं असेल त्या दिवशी हात लावू नका. पहिल्या दिवशी काटा दिसणार नाही, त्याने खचून जाऊ नका. दागिन्यांसाठी थोडे साबुदाणे आणि लवंगाही अशाच फिरवून ठेवा. वेगवेगळ्या आकारांमुळे हार उठून दिसतो.

मुलाने साखरेचा थर्मामीटर आणून दिलाय. पुस्तकातल्या आकड्यांवर विसंबू का? (राजारामपुरी)

विसंबा, पण दोन अंश वजा करून. पुस्तकांतले आकडे समुद्रसपाटीचे असतात. आपलं कोल्हापूर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. आधी उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरा. तो १०० पेक्षा जितका कमी दाखवेल, तितकं सगळीकडे वजा करा. पुस्तकात मऊ गोळी ११२ ते ११६ अंशांवर आणि कडक पाक १४६ च्या पुढे दिलेला असतो. हे साखरेच्या पाकाचं गणित आहे. गूळ प्रत्येक हंगामात वेगळा, त्याला वाटीतलं पाणीच खरं. गुऱ्हाळात गूळ शिजवणारा गुळव्यासुद्धा काहिल, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवायच्या आधी थेंब पाण्यातच टाकून बघतो.

मधुमेह आहे. साखरेऐवजी गुळाची वडी चालेल ना? (शाहूपुरी)

नाही. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून तिळगुळाचा एखादा कण घ्या.

माझ्या दोन लेकी, आठ आणि अकरा वर्षांच्या, पाक आम्हीच ढवळणार म्हणून हट्ट धरून बसल्यात. ढवळू देऊ का? (कसबा बावडा)

पाक नको. तो उकळत्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. दाणे सोलणं, तीळ निवडणं, थेंबाची गोळी पाण्यातून काढून बघणं हे त्यांच्याकडे द्या. गोळी बघण्यात मुली पटकन तयार होतात, त्यांचं लक्ष आपल्यापेक्षा बारीक असतं. मिश्रण हाताला सोसवेल इतकं निवलं की तुपाचा हात लावून लाडूही वळू द्या. कुणाला चटका बसलाच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड आले तर दवाखाना गाठा.

लेक मुंबईत असते. कुरिअरने चिक्की पाठवली की तिथे चिकट होऊन पोहोचते. (गडहिंग्लज)

मुंबईच्या दमट हवेत चिक्की उघडी राहिली की पाणी ओढते. पूर्ण गार झाल्यावरच, एकेक वडी बटरपेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट असताना झाकण लावलं तर आतली वाफच चिक्की बिघडवते. फ्रीजमध्येही ठेवू नका, बाहेर काढली की तिला घाम येतो. लेकीला सांगा, डबा उघडून हवी तेवढी काढायची आणि लगेच बंद करायचा. एवढं जमणार नसेल तर तिला मऊ गुळाचे लाडू पाठवा. ते मुळात मऊच असतात, दमट हवेने त्यांचं फारसं बिघडत नाही.