हंगेरियन क्रियापदं : सुरुवातीला एवढंच बघ

प्रत्ययांचे तक्ते बघून घाबरलास ना? ते सगळे आत्ता नकोत.

आधी स्वरांची जुळणी कानात बसव. प्रत्यय धातूच्या स्वराप्रमाणे बदलतो: 'वार'चं (वाट पाहणे) 'वारोक', पण 'केर'चं (मागणे) 'केरेक'. दोन्ही 'मी'चेच प्रत्यय. 'शकतो'साठीही तसंच, 'वारहॉत' आणि 'केरहेत'. पुरुषाचा (मी, तू, तो) प्रत्यय त्यानंतर येतो: 'वारहॉतोक', मी वाट पाहू शकतो.

खरी गंमत कर्मात आहे. 'ऑल्मात केरेक' म्हणजे सफरचंद हवंय, कुठलंही. ठरावीक सफरचंद असेल तर 'ऑझ ऑल्मात केरेम'. नवशिके सगळीकडे 'केरेक'च ठोकतात. आपण मराठीवाल्यांनी तरी या प्रकाराला बिचकू नये. 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' म्हणताना आपलंही क्रियापद कर्माकडे बघतंच. फक्त तिथे लिंग नाही, कर्म ठरावीक आहे की नाही ते बघायचं.

आणखी नेहमीच्या चुका:

- शब्दकोशात 'नी'वालं, म्हणजे आपल्या 'पाहणे'सारखं रूप (वारनी) शोधणं. तिथे बहुधा 'तो/ती'चं रूप असतं, नुसतं 'वार'.
- प्रत्येक वाक्यात 'एन' (मी) घालणं. प्रत्ययातून कळतंच, जोर द्यायचा असेल तरच घाल.

नामापासून क्रियापद करणंही सोपंय: 'शो' म्हणजे मीठ, 'शोझ' म्हणजे मीठ घालणं. असे शब्द भेटले की वहीत टिपून ठेव. प्रयोजक रूपं, 'इक'वाली ('तो/ती'च्या रूपात शेवटी 'इक' येणारी) क्रियापदं पुढे बघू. सध्या दहा क्रियापदं घे आणि वर्तमानकाळात दोन्ही प्रकारे ('केरेक'सारखं आणि 'केरेम'सारखं) मोठ्यांदा म्हण.