तरंगत्या आइस शेल्फची जाडी अनेक दशके कशी मोजतात आणि त्या आकड्यांवर किती भरवसा ठेवावा?

आइस शेल्फ म्हणजे जमिनीवरच्या हिमनद्यांचा समुद्रावर पसरलेला, किनाऱ्याला जोडलेला तरंगता भाग. असा शेकडो मीटर जाडीचा बर्फ समुद्रावर तरंगत असताना तो वीस-पंचवीस वर्षांत काही मीटरने पातळ झाला हे अवकाशातून कसे कळते, आणि ते खरे मानावे का, असे आपण विचारले आहे. मुळात उपग्रह जाडी मोजतच नाही. तो बर्फाच्या पृष्ठभागाची उंची मोजतो आणि त्या उंचीवरून जाडी काढावी लागते; भरवशाचा प्रश्न माझ्या मते या दुसऱ्या पायरीवर सुटतो.

बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२८ किलो असल्यामुळे जाडीचा साधारण नववा हिस्साच पाण्यावर दिसतो. साहजिकच उंची मोजताना १० सेंटिमीटरची चूक झाली, तर जाडीत ती जवळपास १ मीटरची होते. त्यातच हा पृष्ठभाग कधी स्थिर नसतो. भरती-ओहोटीने तो वरखाली होतो, हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की सुमारे १ सेंटिमीटर खाली जातो, आणि समुद्राची पातळीही हळूहळू चढत असते. हे सगळे वजा केल्यावर जे उरते, तेवढेच बर्फाविषयी काही सांगते.

सर्वांत अवघड वजाबाकी मात्र वरच्या भुसभुशीत हिमाची आहे. ते आपल्याच भाराने दबत जाते, त्यामुळे बर्फाचा कणही न वितळता पृष्ठभाग खाली येऊ शकतो. उलटही घडते. पश्चिम अंटार्क्टिकाच्या अमुंडसेन समुद्राकाठी तीव्र एल निन्योच्या काळात हिमवर्षाव वाढला आणि पृष्ठभाग उंचावला. पण त्याच काळात खालून उबदार पाण्याने घट्ट बर्फ जास्त वितळवला, म्हणून उंची वाढूनही वस्तुमान घटले. केवळ उंचीचा आलेख पाहणाऱ्याने तिथे बर्फ वाढल्याचाच निष्कर्ष काढला असता.

म्हणूनच नोंदींची लांबी मला इतकी महत्त्वाची वाटते. ईआरएस-१ (१९९१), ईआरएस-२ (१९९५), एन्व्हिसॅट (२००२) आणि क्रायोसॅट-२ (२०१०) या रडार उपग्रहांची साखळी जोडता आली, कारण जुना उपग्रह चालू असतानाच नवा वर गेला आणि दोघांच्या मोजमापांतला फरक एकाच बर्फावर तपासता आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाओलो, फ्रिकर आणि पॅडमन यांच्या अभ्यासात १९९४ ते २०१२ या १८ वर्षांत पश्चिम अंटार्क्टिकातल्या काही आइस शेल्फची जाडी १८ टक्क्यांपर्यंत घटल्याचे दिसले. अंटार्क्टिकाच्या सर्व शेल्फचा एकत्रित विचार केला, तर २००३ पर्यंतची घट नगण्य होती आणि त्यानंतर ती झपाट्याने वाढली. पहिल्या नऊ वर्षांवर थांबणाऱ्याला चिंतेचे कारण सापडलेच नसते. हा बर्फ आधीच तरंगत असल्याने त्याच्या वितळण्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, पण तो मागच्या हिमनद्यांना थोपवून धरतो. २००२ मध्ये अंटार्क्टिकातले लार्सन बी हे आइस शेल्फ कोसळल्यावर तिथल्या हिमनद्यांचा वेग वाढला.

पडताळणीसाठी बर्फावरच ठेवलेले रडार वापरतात. ते तळापर्यंतच्या अंतरातला मिलिमीटरभर फरकही टिपते आणि त्यातून थर दबल्याचा परिणाम तळाच्या वितळण्यापासून वेगळा काढता येतो, मात्र ही नोंद एकाच जागेची असते.

अंटार्क्टिकातील मोठ्या आइस शेल्फचा सरसकट आकडा वाचताना आणखी एक गोष्ट जरूर पाहावी. ईआरएस आणि एन्व्हिसॅट यांची कक्षा ८१.५ अंश दक्षिणेपर्यंतच जात होती, त्यामुळे रॉस आणि फिल्शनर-रॉन या दोन सर्वांत मोठ्या शेल्फचा दक्षिणेकडील भाग त्यांच्या नोंदीत नाही. तिथली मोजमापे २००३ मध्ये आइससॅट या उपग्रहाच्या लेसरने सुरू झाली आणि २०१० पासून क्रायोसॅट-२ ने चालू ठेवली, म्हणून त्या भागाच्या दीर्घकालीन कलाविषयी बोलताना मी हात आखडता घेतो.